साखर किती घालू, अर्विन?

११ ऑगस्ट, रविवार
शेबॉयगन

अर्विन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच लाकडाच्या शेगडीत सारणार असशील, तर जरा थांब. कामाचं पत्र आहे. भांडायला लिहिलेलं नाही, आणि समेट करायलाही नाही.

ट्रूडीचं लग्न ठरलं. एकवीस सप्टेंबर, शनिवार, आपल्याच चर्चमध्ये, जेवण खालच्या हॉलमध्ये. मुलगा मॅनिटोवॉकचा, कॉलिन नाव, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. बोलतो कमी, खातो भरपूर. मार्लिसला जावई पसंत आहे, कारण तो तिच्या हातचं बटाट्याचं सॅलड तीनदा मागून घेतो. माझी बायको कुणाला कशावरून पास करते ते तुला वेगळं सांगायला नको.

मागच्या महिन्यात ट्रूडी घरी आली आणि म्हणाली, “बाबा, लग्नात टेबलावर तुमची बिअर हवी. बाटलीतली.”

मी म्हटलं, “अगं, पिंपातून ओतू की सगळ्यांना. बाटल्या कशाला?”

“कारण मला बाटल्यांना घाबरत म्हातारं व्हायचं नाही. प्रत्येक ताटाशी एक, आणि माझी मी स्वतः उघडणार.” मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “आणि अर्विनकाकाला बोलावणं नाही. कळवूसुद्धा नका. ते समोर दिसले तर त्या दिवशी मला हसता येणार नाही.”

म्हणजे हे पत्र मी चोरून लिहितोय. घरच्या टपालपेटीत टाकणार नाही, शाळेच्या बसडेपोसमोरच्या पेटीत टाकीन.

काल माल्ट शिजवला. तीच आपली उन्हाळी फिकी बिअर, हॉप्सची कडू फुलं बेताची. पिंप तळघरात ठेवलंय आणि आज सकाळपासून बुडबुडे धडाधड येताहेत. इथवर माझं काम. सव्वीस वर्षं शिजवायचं मी आणि बाटल्यांची साखर मोजायची तू, अशी आपली वाटणी होती. चीज कारखान्यात दुधाची तपासणी करणाऱ्या माणसाला ते काम शोभायचं. मी बस चालवणारा माणूस. मला दोन चमचे जास्त आणि दोन चमचे कमी यातला फरक कळत नाही, हे तूच म्हणायचास.

तर विचारायचं एवढंच: साखर किती घालू? बाटल्या एकतीस ऑगस्टला भरायच्या म्हणतो, म्हणजे लग्नापर्यंत तीन आठवडे मिळतील. एका कार्डावर आकडा लिहून पाठव. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

जे झालं ते कुणामुळं झालं, हे उकरण्यात आता अर्थ नाही. माझ्या बाजूनं तरी तो विषय संपलेला आहे.

लेरॉय

१८ ऑगस्ट, रविवार

अर्विन,

उत्तर नाही. ठीक आहे. डुलुथहून कार्ड यायला दोन दिवस लागतात, आठ नाही, पण ठीक आहे.

दरम्यान मी स्वतः प्रयत्न करून पाहिला. हसू नकोस. मक्याच्या साखरेच्या पाकिटावर लिहिलंय, पाच गॅलनला अख्खं पाकीट. ते झालं एकशे बेचाळीस ग्रॅम. दुकानातला दाढीवाला म्हणतो, पाऊण कप पुरे. मी विचारलं, कुठला कप, मार्लिस कॉफी पिते तो की मापाचा? तो माझ्याकडं असा बघत राहिला, की मी मुकाट पैसे देऊन बाहेर पडलो. मग ट्रूडीनं फोनवर हिशेबाचं एक पान काढून दिलं. त्या पानाला माणसापेक्षा जास्त शंका आहेत.

बिअर किती? पिंपात पाच गॅलन आहे. पण तळाला गाळ बसतो, तो काही बाटलीत भरत नाही. मग भरणार नक्की किती, हे भरून झाल्याशिवाय कसं कळायचं? तू पिंपाला बाहेरून खडूनं एक रेघ मारायचास, इतकंच आठवतं. कुठं मारायचास ते आठवत नाही.

बिअर किती गरम? आज तळघरात चौसष्ट अंश फॅरनहाइट आहे. परवाच्या उकाड्यात चौऱ्याहत्तर झालं होतं. यातलं कुठलं धरायचं? आजचं धरलं तर एक आकडा येतो, परवाचं धरलं तर दुसरा. तू एकदा समजावलं होतंस, की बिअरमध्ये वायू आधीच थोडा मुरलेला असतो, उकाड्यात त्यातला काही उडून जातो, आणि उरलेला धरून वरची साखर मोजायची. मी ऐकत नव्हतो. मी तेव्हा सॉसेज परतत होतो.

फेस किती हवा? आता हे मी काय सांगू? बिअरला असतो तेवढा.

एकदा एकशे बावीस आलं, एकदा एकशे तीन, आणि एकदा काय दाबलं कोण जाणे, साडेचारशे. साडेचारशे आलं तेव्हा मी फोन उलटा ठेवून बाहेर गवत कापायला गेलो.  अर्धं अंगण झाल्यावर कळलं, यंत्र सुरूच केलं नव्हतं.

ट्रूडीचं तुला कुणी कळवलं नसणार. डावा डोळा काचेचा बसवला आहे, रंग इतका जुळलाय की परक्याला कळत नाही. गाडी चालवते. कॉफी ओतताना कपाच्या कडेला एक बोट लावते, म्हणजे नेम चुकत नाही. चार वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारी ती शिकारीच्या तंबूत न्यायच्या बाटल्या मोजायला म्हणून वाकली होती, खोक्यातून एकच उचलली, आणि तीच फुटली. त्या खोक्यातल्या आणखी नऊ बाटल्या आम्ही हॉस्पिटलात असताना फुटल्या. त्या कुणाला लागल्या नाहीत.

मार्लिसनं कॉरिडॉरमध्ये विचारलं होतं, “साखर कुणी मोजली?” तू म्हणालास, “मी.” ते खरंच होतं. साखर तूच मोजली होतीस. मी काही बोललो नाही, कारण मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मग तू म्हणालास, “माझं गणित चुकलं असेल.” पुढच्या वसंतात घर विकून तू डुलुथला गेलास.

अर्विन, आकडा पाठव. मला जमत नाही रे.

लेरॉय

२५ ऑगस्ट, रविवार

अर्विन,

आज तळघरात जाऊन पिंपातून थोडी बिअर उंच नळीत काढली आणि काचेची कांडी तरंगवली. बिअरमध्ये साखर उरलेली असेल तर कांडी वर राहते, यीस्ट साखर खात जाईल तशी ती खाली जाते. तीन दिवस एकाच आकड्यावर उभी राहिली की समजायचं, यीस्टचं जेवण आटोपलं, आता बाटल्या भरायला हरकत नाही. हे तुलाच काय सांगतोय. तुझाच नियम तो. वहीच्या पहिल्या पानावर तू लाल शाईनं लिहून ठेवला आहेस: तीन दिवस, एकच आकडा.

आज कांडी तेरावर होती. मी चष्मा पुसून तीनदा पाहिली. मग वहीत लिहायला गेलो आणि मागचं पान उघडलं गेलं.

आता लिहितोच. हे पत्र आज टाकलं नाही तर उद्या मी ते फाडीन.

त्या वर्षी थंडी लवकर आली होती. तळघर गार पडलं होतं आणि बुडबुडे अगदी मंद झाले होते. तू त्या आठवड्यात कारखान्यात दुपारपाळीला होतास. जाताना बजावून गेलास, “बुध, गुरू, शुक्र कांडी लाव. तिन्ही दिवस बारा आलं तर शनिवारी भरू. नाही आलं तर पुढच्या आठवड्यात.” पुढच्या आठवड्यात भरली असती तर हरणांच्या शिकारीच्या पहिल्या शनिवारी बिअर तयार झाली नसती. मी डेपोतल्या सगळ्यांना सांगून बसलो होतो, की यंदा तंबूत माझी बिअर.

बुधवारी कांडी अठरावर होती. मी मनाशी म्हटलं, उतरेल. गुरुवारी पाहिली नाही. शुक्रवारीही पाहिली नाही. शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसून वहीत तीनदा बारा लिहिलं. एकाच पेनानं. बारा का, तर आपली ती बिअर दर वर्षी बारावरच थांबायची.

शनिवारी तू वही पाहिलीस. विचारलंस, “तिन्ही दिवस बारा?”

मी म्हटलं, “बाराच. काय रे, मी तळघरात जाऊन झोपा काढतो असं वाटतं तुला?”

तू हसलास आणि साखर मोजायला बसलास. तुझं गणित बरोबर होतं, अर्विन. एका ग्रॅमचीही चूक नव्हती. बिअरमध्ये आधीचीच इतकी साखर उरली होती, त्यावर तुझी मोजलेली पडली, आणि मग मी त्या बाटल्या लवकर तयार व्हाव्यात म्हणून घर तापवायच्या भट्टीशेजारी उबेला नेऊन ठेवल्या. गारठलेलं यीस्ट तिथं जागं झालं, ती सगळी साखर खाऊ लागलं आणि बंद बाटल्यांत वायू कोंडत गेला.

त्या हिशेबाच्या पानावर सगळं विचारतात. किती, कसली, किती गरम. कांडी वाचणारा खरं बोलतोय का, हे कुणी विचारत नाही. ते त्यांनी विचारायला हवं होतं असं मी म्हणत नाही. मी सांगायला हवं होतं.

कॉरिडॉरमध्ये मला कुणी विचारलं नव्हतं, असं मागच्या पत्रात लिहिलं. तो शुद्ध हलकटपणा होता. मार्लिसनं विचारलं तेव्हा तू “मी” म्हणालास आणि माझ्याकडं पाहिलंस. मी खाली माझ्या बुटांकडं बघत होतो. एका बुटावर ट्रूडीचं रक्त होतं. तेव्हा बोललो असतो तर एका वाक्याचं काम होतं. दुसऱ्या दिवशी दोन वाक्यांचं झालं असतं. तू गेलास तोवर ते इतकं मोठं झालं, की तोंडात मावेना.

माझ्या मुलीनं चार वर्षं माझ्या भावाचा राग केला आणि मी तिला ते करू दिलं. कधी तुझं नाव निघालं तर मी समजूतदार चेहरा करून म्हणायचो, “जाऊ दे गं, चूक कुणाच्याही हातून होते.” तुझ्या बाजूनं बोलल्यासारखं. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते आहे.

आता तू काय करायचं ते कर.

लेरॉय

२९ ऑगस्ट, गुरुवार

अर्विन,

कार्ड आलं. डेपोतून घरी आलो तर मार्लिस ते हातात धरून दारात उभी. “डुलुथहून आलंय,” म्हणाली, “उघडं कार्ड आहे, मी वाचलं.” अर्थात वाचलं. पाकीट घातलं असतंस तर काय बिघडलं असतं तुझं?

ती पुढं म्हणाली, “लेरॉय, मी त्या कॉरिडॉरमध्ये विचारलं तेव्हा तू बुटांकडं बघत होतास.” एवढंच बोलली आणि वर गेली. रात्रीचं जेवण मी डब्यातल्या सूपवर भागवलं.

तू लिहिलंस ते आता मला पाठ झालंय. ‘एकशे चौदा ग्रॅम. तापमान सगळ्यात जास्त झालं होतं ते धर. गुरुवारी तू व्हॉलीबॉलच्या मुलींची बस घेऊन ग्रीन बेला मुक्कामाला होतास, तरी वहीत गुरुवारचा आकडा आहे. हॉस्पिटलातून येऊन काचा झाडल्या तेव्हा वही पाहिली. तिचा डोळा गेला होता, बापही जायला नको म्हणून गप्प राहिलो. आता तिला सांगू नकोस.’

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी इतका मूर्ख, की खोटं लिहिताना मी घरात तरी होतो का, एवढंही आठवलं नाही. आणि तू इतका शहाणा, की त्या मूर्खपणाचं ओझं उचलून तीनशे मैल लांब जाऊन बसलास. सव्वीस वर्षं सांगतोय, तुझा हा शहाणपणा एक दिवस माझा जीव घेईल.

कार्ड वाचल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. अर्विनच म्हणतोय सांगू नको, मग आपण कशाला सांगा. मग मला जिन्यावर बसावं लागलं.

तुझं ऐकतो. सांगत नाही. लग्न होऊन जाऊ दे.

कांडी अकरावर आहे. कालही अकरा, परवाही अकरा. तिन्ही दिवस मी घरात होतो.

लेरॉय

१ सप्टेंबर, रविवार

अर्विन,

तुझं ऐकलं नाही.

काल बाटल्या भरायच्या होत्या. ट्रूडी सकाळीच आली, केस बांधून, बाह्या सारून. कॉलिन बोटीवर गेला होता. मी म्हटलं, “तू वर बस, मी भरतो.” तर म्हणाली, “इथं बसणार आणि झाकणं मीच ठोकणार.” तिच्या समोर धुतलेल्या बाटल्या होत्या, साठेक. पहिल्या बाटलीला हात लावताना तिनं एकदा श्वास रोखला. मग लावला.

मी काट्यावर साखर घालत होतो. एकशे तेरा. एक चिमूट. एकशे चौदा. काटा शून्यावर आणला, भांडं पुन्हा ठेवलं, पुन्हा मोजली. ती बघत होती. म्हणाली, “कसं दोनदा बघता हो तुम्ही, बाबा. अर्विनकाकानं तेव्हा एवढं एकदा केलं असतं तर?”

सहज म्हणाली. तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. बापाचं कौतुक होतं.

मी भांडं खाली ठेवलं. म्हटलं, “काकाचं गणित बरोबर होतं.”

“म्हणजे?”

“मी कांडी पाहिलीच नव्हती. एकदा पाहिली, अठरा होती. वहीत तीनदा बारा मी लिहिलं. त्यानं माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला.”

तिनं हातातलं झाकण बाजूला ठेवलं. मग तिनं अगदी हळू विचारलं, “काकाला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“त्याच रात्रीपासून.”

“आणि तुम्ही मला त्यांचा राग करू दिलात. चार वर्षं.”

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार होतो? कारणं होती माझ्याकडं, चार वर्षं जमवलेली. त्यातलं एकही तिच्यासमोर काढता आलं नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिनं एखादी बाटली फेकून मारली असती तरी मी तिथंच उभा राहिलो असतो. ती म्हणाली, “साखर पाण्यात उकळा. बाटल्या भरून टाकू, नाहीतर बिअर खराब होईल.”

आणि आम्ही भरल्या, अर्विन. मी नळी धरली, ती एकेक बाटली पुढं करत होती, झाकण ठोकत होती. अठ्ठेचाळीस बाटल्या. दोन तास लागले. काम झाल्यावर तिनं हात धुतले, माझ्याच टॉवेलला पुसले, आणि विचारलं, “काकांचा फोन नंबर तोच आहे ना?”

मी म्हटलं, “तोच असेल.” ती गेली.

तुला फोन आला असेल. काय बोललात ते मी विचारणार नाही. तू चार वर्षं जे झाकलंस ते मी एका सकाळीत उघडं केलं, याबद्दल तू मला शिव्या देऊ शकतोस. पण ती तुझं नाव तसं घेत होती आणि माझ्या हातात काटा होता. नाही सोसलं.

लेरॉय

१२ सप्टेंबर, गुरुवार

अर्विन,

बाटल्या ठीक आहेत. पत्र्याच्या टबात ठेवल्यात, वर दोन घोंगड्या, त्यावर फळी. रोज घोंगडी उचलून बघतो. फुटलेली एकही नाही. काल जाड हातमोजे घालून एक बाटली उघडली, मस्त फेस आला, बेताचा. तुझा आकडा. मी अर्धा ग्लास प्यायलो आणि उरलेली ओतून दिली. एकट्यानं काय पिणार?

ट्रूडी येते, मार्लिसशी कपड्यांचं, फुलांचं बोलते. माझ्याशी कामापुरतं. “बाबा, खुर्च्या किती?” “दीडशे.” “बरं.” मी लग्नाला यायचं की नाही, हे विचारायची मला हिंमत होत नाही. मार्लिसला विचारलं तर म्हणते, “तुझं तू विचार. चार वर्षं तुझ्या वतीनं तुझ्या भावानं उत्तरं दिली, आता मी देणार नाही.”

तिचं बरोबर आहे. मी हॉलमधल्या खुर्च्यांच्या मोडक्या पायांना रबर बसवत असतो. दुसरं काही सुचत नाही.

तू येणार आहेस असं कॉलिनकडून कळलं. मोटेलमध्ये उतरशील म्हणे. घरी ये असं मी म्हणू शकत नाही. येशील का?

लेरॉय

२० सप्टेंबर, शुक्रवार
मोटेलच्या काउंटरवर ठेवायला

अर्विन,

तू उशिरा पोचणार म्हणून हे काउंटरवर ठेवून जातो. उद्या चर्चमध्ये तुला उभं कुठं राहायचं ते सांगायचं आहे. आज लग्नविधीची तालीम झाली, तिला तू नव्हतास.

आज दुपारी पाद्रीबाबांनी विचारलं, “नवरीला वेदीपर्यंत कोण आणणार?” मी मागच्या बाकावर बसलो होतो, टोपी हातात घेऊन. खरं सांगतो, मी दाराच्या जवळचंच बाक बघून बसलो होतो.

ट्रूडी म्हणाली, “दोघं आणतील. बाबा आणि अर्विनकाका.”

पाद्रीबाबा हसले, “छान! भक्कम बंदोबस्त.” सगळे हसले. मीसुद्धा उठलो, हसत. मी सवयीनं तिच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिलो.

ती म्हणाली, “नाही बाबा. तिथं काका. तुम्ही उजवीकडं या.”

चर्चमध्ये कुणाला त्यात काही वाटलं नाही. मार्लिसनं मान फिरवली.

तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. डावी बाजू तिला दिसत नाही. त्या बाजूनं अचानक कुणी आलं तर ती दचकते, म्हणून रस्त्यात, दुकानात, बर्फावरून चालताना ती त्या बाजूला कुणालाही येऊ देत नाही. भिंत असेल तर भिंत ठेवते. कॉलिनला तिथं चालू द्यायला तिला दीड वर्ष लागलं. हॉस्पिटलातून निघालो त्या दिवसापासून तिथं मी होतो. माझा हात धरून ती मान न वळवता चालायची. मला वाटायचं, काही का असेना, ही जागा तरी माझी आहे. ती मला न बघता चालते, एवढ्यावर मी चार वर्षं काढली. उद्या ती मला, मी तिला दिसत राहीन अशा बाजूला ठेवणार आहे.

तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. बोलावलं हेच खूप आहे. पण मी तिच्या उजवीकडं उभा राहिलो तेव्हा तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, मी नीट उभा आहे ना ते बघायला, आणि मला काय करावं ते कळेना. मी हात खिशात घातले, मग काढले.

तर तुझं काम. तिचा डावा हात तुझ्या कोपरात घाल, पण ओढू नकोस, अर्धं पाऊल पुढं राहा. दाराच्या आत गालिचाची कड थोडी वर आलीय. फुलं घेतलेली बायकामुलं डाव्या बाकांवरून हात पुढं करतील, त्यांना तू आधीच अडव, तिला ते दिसणार नाहीत. हळू चाल. तुझी चाल कायम भरभर असते.

वेदीपुढं एक पायरी आहे. एका डोळ्याला तिची उंची कळत नाही, आणि पायघोळ झग्यात पायही दिसणार नाही. पायरीच्या आधी दोन पावलं तिला सांग. मोठ्यानं सांगू नकोस, चारचौघांत तिला आवडत नाही. नुसतं “पायरी” म्हण, आणि तिचं पाऊल वर पडेपर्यंत थांब.

लेरॉय